मच्छरदाणीखालचे डोंगळे

ताई, तुमच्या दहाव्याला कावळा शिवेना, तर त्याचं खापरही माझ्याच डोक्यावर फुटलं. गेल्यावरसुद्धा मला बोल लागायची सोय तुम्ही चोख करून ठेवली होती.

गोदावरीच्या घाटावर आम्ही सगळे उन्हात ताटकळत उभे होतो. पिंडाशेजारी तुमच्या आवडीचं सगळं मांडलं होतं. भरीत, कळण्याची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, फोडलेला कांदा. कावळे समोरच्या भिंतीवर बसून निवांत बघत होते. दादांनी, म्हणजे तुमच्या यजमानांनी, हात जोडून सांगितलं की औषधं वेळेवर घेईन. तुमचा प्रशांत म्हणाला, बाबांना एकटं ठेवणार नाही. आमचे हे म्हणाले, वहिनी, मळा विकणार नाही, शब्द देतो. एकही कावळा जागचा हलला नाही. मग सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"शालू, तू बोल काहीतरी," दादा म्हणाले. "तुझ्यातच अडकलं असेल तिचं."

"आमचं बोलणं कुठं होतं, दादा? आता कुठून आणू?"

बायकांच्या घोळक्यातून कुणीतरी च्यक् केलं. मी तरी बोलले नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि उरकलं. खरं सांगू? त्या क्षणी मला बरं वाटलं. जन्मभर सगळं तुमच्या मनासारखं झालं होतं. एकदा नाही झालं तर कुठं बिघडलं, असं वाटलं.

घाटाच्या पायऱ्यांवर चपला घालत होते, तेवढ्यात आपला मळ्याशेजारचा पुंजाबा जवळ आला. टोपी हातात घेऊन घुटमळत राहिला.

"बाई, एक इचारू का? त्या मच्छरदाणीखालच्या डोंगळ्यांचं काय करायचं?"

"कसली मच्छरदाणी?"

"बोरीमागं नाय का ती. ताई रोज सकाळी त्या फुलांवर हात फिरवायच्या. आता बी काळं पडाया लागलंय. दोन दिसांत नाय काढलं तर समदं मातीत जाईल."

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, मास्तरणीला डोंगळे म्हणजे काय ते तरी आधी सांगा. आता मला ठाऊक आहे, ताई. कांदा बियाण्यासाठी पुन्हा जमिनीत लावला की त्याला कमरेएवढा दांडा येतो, दांड्याच्या टोकाला पांढऱ्या फुलांचा गेंद येतो, आणि त्या गेंदात काळं बी धरतं. तेच डोंगळे. लहानपणी ते आईच्या परसात नुसते पाहिले होते; नाव आणि रीत मी तुमच्याकडूनच शिकले, आणि शिकवताना तुम्ही मला एकदाही सरळ शब्दांत शिकवलं नाहीत.

जावा-जावा, उभा दावा म्हणतात. ती म्हण खोटी पाडायच्या भानगडीत आपण दोघी कधी पडलो नाही. तुम्ही सटाण्याकडच्या, कांद्याच्या गावातल्या, भल्यामोठ्या खटल्यात वाढलेल्या. मी मनमाडची, रेल्वे क्वार्टरमधली, वर शाळेत मास्तरीण. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात तुम्ही कांद्यांची पाटी माझ्यापुढं ठेवलीत आणि विचारलंत, यातला दिवाळीपर्यंत टिकणारा कोणता? मी एक गोरागोमटा कांदा उचलला. त्याची मान जाड होती, तो सगळ्यांत आधी सडणार होता. मला कसं कळणार? तुम्ही तुमच्या अहिराणीत, अख्ख्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "मास्तरीनले इतलं बी समजत नई!" सासूबाईसुद्धा पदराआड हसल्या. तो कांदा मी पुढं कितीतरी वर्षं मनात धरून ठेवला होता.

मग नव्वदच्या सुरुवातीला दोघा भावांनी दिंडोरी रस्त्याला दोन एकरांचा तो तुकडा घेतला. एक पाटबंधारे खात्यात, दुसरा बँकेत. दोघांनाही शेतीची हौस दांडगी आणि दोघांचाही शेतीशी संबंध ताटातल्या भाजीपुरता. ठरलं असं होतं की रविवारी जायचं, आंब्याखाली डबा खायचा, चार वांगी तोडायची आणि दिवेलागणीला घरी यायचं. पुंजाबा आपल्याला तोंडावर रविवारचे शेतकरी म्हणायचा. पहिल्याच रविवारी तुम्ही चपला काढून बांधावर ठेवल्यात, पदर खोचलात आणि आमची सहल संपली.

त्या दिवसापासून मळा तुमचा. कागदावर दोघा भावांचा असेल, पण तुम्ही "मना मळा" म्हणायचात आणि कुणाची टाप नव्हती दुरुस्त करायची. रविवार म्हणजे माझा सुट्टीचा एकच दिवस. घरी तपासायच्या वह्यांचा ढीग पडलेला असायचा आणि मी तुमच्या हुकमानं भुईमुगात निंदायला बसलेली असायची. पावसाळ्यात त्या काळ्या मातीत स्कूटर रुतायची. आमचे हे हँडल धरून उभे, मी मागून ढकलतेय, साडी गुडघ्यापर्यंत चिखलात, आणि तुम्ही पुढं अनवाणी, ताठ, एकदाही मागं न बघता चाललेल्या. मी ढकलता ढकलता तुम्हाला काय काय म्हणायची ते आता सांगत नाही. तुम्हाला ऐकू येत होतं, हे मला माहीत होतं.

थंडीत वेगळा छळ. नाशिकची थंडी काय असते ते ज्यानं पौषात विहिरीच्या पाण्यात भांडी घासली आहेत त्यालाच विचारावं. तुम्ही पाहुणे बोलवायचात. हिरव्या गव्हाच्या ओंब्या, शेंगा, वाटाणा, सगळं काटक्यांच्या जाळावर भाजायचात आणि मधोमध बसून कौतुक करून घ्यायचात. दादांच्या कचेरीतली माणसं म्हणायची, वहिनी, असली चव शहरात नाही. चव तुमची आणि खरकटं माझं. घरून नेलेल्या आमटीत तर तुम्ही मला न विचारता दरवेळी मीठ टाकायचात. चाखून नाही, आधीच. मी अळणीच करणार याची तुम्हाला इतकी खात्री होती.

एक मात्र होतं, आणि ते लिहायचं टाळत होते. जाळावरून उतरलेली पहिली ओंबी तुम्ही तळहातावर चोळायचात, फुंकर मारून कोंडा उडवायचात आणि ते हिरवे गरम दाणे माझ्या हातावर ठेवायचात. आधी माझ्या, मग दादांच्या, मग पाहुण्यांच्या. दर हिवाळ्यात, न चुकता. का, ते मी कधी विचारलं नाही. नीट भाजलंय की नाही ते बघायला घरात माझ्याइतकं हक्काचं दुसरं कोण होतं?

आता भांडणाकडे येते. तुम्ही असताना ते पुरं झालं नाही. मी बोलायला लागले की तुम्ही विहिरीकडे निघून जायचात. आता जाऊन जाऊन कुठं जाल?

माझ्या आईचा कांदा पांढरा होता. मनमाडला आमच्या क्वार्टरच्या मागं संडास आणि भिंत यांच्यामध्ये जेमतेम खाट मावेल एवढी माती होती. तिथं आई दरवर्षी पांढरा कांदा लावायची. बी तिच्या आईकडून आलेलं. उन्हाळ्यात वडील ड्युटीवर निघाले की त्यांच्या खिशात एक कांदा जायचा, आमच्या दप्तरात एकेक जायचा. ऊन बाधत नाही म्हणायची. शाळेतून आलं की तोच कांदा बुक्कीनं फोडून मीठ लावून द्यायची. गोडसर लागायचा, डोळ्यांत पाणी न आणणारा. कांद्याचं बी एका वर्षाचं असतं. यंदाचं बी यंदाच पेरावं लागतं, पुढं ठेवलं तर उगवत नाही. म्हणून आई एकही वर्ष चुकवायची नाही. वडील रिटायर झाले, क्वार्टर सोडावी लागली, तेव्हा तिनं तिचं शेवटचं बी फडक्यात बांधून माझ्याकडे दिलं. म्हणाली, तुमच्याकडे मळा आहे, आता तू सांभाळ. त्यानंतर वर्षभरातच ती गेली. तिचं दुसरं काही माझ्याकडे आलं नाही, एक बांगडीसुद्धा नाही. बहिणीनं ठेवून घेतल्या. माझ्याकडे फक्त कांदा आला.

मळ्यातल्या पायवाटेच्या अलीकडे मी माझा वाफा केला. तुम्ही लगेच येऊन कमरेवर हात ठेवून विचारलंत, "हाऊ कांदा शे का लसून?" मी दुर्लक्ष केलं. त्या एका वाफ्यात मी तुमचं काही ऐकत नव्हते. आश्विनात रोप टाकायची, पौषात लावायची, चैत्रात काढायची, आणि चांगले निवडून ठेवलेले पुन्हा बियाण्यासाठी लावायची. सगळं रविवारी रविवारी जमवून. मला जमत होतं, ताई. तुम्हाला तेच बघवत नव्हतं.

मग एका वर्षी तुम्ही ठरवलंत की तुमच्या माहेरच्या लाल कांद्याचे डोंगळे यंदा विहिरीजवळ लावायचे. म्हणजे पायवाटेच्या पलीकडे, माझ्या पांढऱ्या डोंगळ्यांच्या अगदी समोर. मी म्हटलं, ताई, इतक्या जवळ नको, मधमाश्या इकडचं तिकडं करतील, कांदा बाटेल. पाचवीच्या मुलांनासुद्धा आम्ही परागीभवन शिकवतो, म्हटलं. तेच चुकलं असेल. परागीभवन हा शब्द ऐकून तुम्ही इतक्या हसलात की हातातलं खुरपं खाली ठेवलंत.

"मन्ही मायनं बी शे ते," तुम्ही म्हणालात. "मन्ही मायनं कधी अंतर नई मोजं. मधमाशीले बांध समजस का?"

"तेच तर म्हणतेय मी!"

"मंग उगी ऱ्हाय."

तुम्ही लावलेत. माघात दोन्ही बाजूंचे डोंगळे एकदमच फुलले. पायवाटेवरून चाललं की दोन्हीकडून गुणगुण ऐकू यायची आणि मधमाश्या माझ्या अंगावरून इकडून तिकडे जायच्या. तुम्ही त्यांच्याकडे बघून प्रसन्न व्हायचात. यंदा बी भरघोस धरणार, म्हणायचात. धरलंही.

कांद्याची गंमत अशी की त्याची लबाडी वर्षभर कळत नाही. बी काळंच असतं, लालचं आणि पांढऱ्याचं सारखंच. ते पेरलं, रोप आलं, हिरवंच आलं. पुढच्या चैत्रात मी वाफ्यातला पहिला कांदा उपटला. गुलाबी. दुसरा उपटला, तोही. मग मी खुरपं टाकून दोन्ही हातांनी उपटत सुटले. काही फिके, काही कच्च्या मांसासारखे, मध्येच एखादा पांढरा. आईचा अख्खा वाफा तसा निघाला. मागच्या वर्षीचं बी उरलेलं नव्हतं, उरलं असतं तरी उगवलं नसतं. मनमाडच्या क्वार्टरमध्ये दुसरं कुणी राहायला आलं होतं. मागायला जागा नव्हती.

मी रडत होते आणि तुम्ही बांधावरून खाली आलात. मला वाटलं, आता काहीतरी बोलाल. तुम्ही एक गुलाबी कांदा उचललात, फोडलात, चावलात आणि म्हणालात, "रंगनं काय लई बसनी? चव तीच शे."

ताई, तुम्हाला मी खूप गोष्टी माफ केल्या आहेत. पाटीतला कांदा माफ केला, मीठ माफ केलं, स्कूटर माफ केली. हे वाक्य केलं नाही. रंगाचं काय घेऊन बसलीस, म्हणे! तुम्ही गेल्याच्या दिवशी अंगणात तुम्हाला निजवलं होतं, सगळे रडत होते, मीही रडत होते, आणि तेव्हासुद्धा माझ्या कानात हेच वाक्य होतं.

तुमची चूक कशी झाली ते मला नंतर उमगलं. तुमच्या गावात घरोघरी एकच कांदा, लाल. मधमाशी याच्या मळ्यातून त्याच्या मळ्यात गेली काय आणि न गेली काय, निघणार लालच. म्हणून तुमच्या आईला कधी अंतर मोजावं लागलं नाही, आणि तुम्हाला वाटलं की मोजायची गरजच नसते. पिढ्यान्‌पिढ्या बी धरणाऱ्या घरातली बाई यात चुकली, आणि रेल्वे क्वार्टरमधली मास्तरीण बरोबर निघाली. चूक होणं मी समजू शकते. पण एकदा, फक्त एकदा "शालू, चुकलं माझं" म्हणायला तुमची जीभ झडली असती का?

त्या दिवशी सगळे कांदे मी विहिरीमागं ढीग करून फेकून दिले. माझा वाफा मोडला. पुढं मी मळ्यात आले तरी पायवाट ओलांडली नाही. तुमच्याशी कामापुरतं बोलायची. चहा झाला. गॅस संपला. दादांचा फोन आहे. एका घरात, वरच्या आणि खालच्या मजल्यावर, आपण अशा राहिलो आणि पोरांना वाटत राहिलं की आपण शांत झालोय. दादा रिटायर झाल्यावर तुम्ही माघ-फाल्गुनात मळ्यातल्या पत्र्याच्या खोलीतच मुक्काम ठोकायला लागलात. मी म्हणायची, बघा, ऐन परीक्षेच्या हंगामात घरातलं सगळं माझ्या गळ्यात टाकून निघाल्या बाईसाहेब हवा खायला. लांबून बोरीच्या झाडामागं काहीतरी पांढरं दिसायचं. पाखरांसाठी फडकं बांधलं असेल असं मी धरून चालले. विचारणार कोण?

तर घाटावरून घरी न जाता मी रिक्षा करून तडक मळ्यात गेले. पुंजाबा सायकलनं मागाहून आला. बोरीमागं गेले आणि बघते तर माझी मच्छरदाणी! माझी मीनल झाली त्या वेळची, निळ्या काठाची. ती सापडत नव्हती म्हणून मी घर डोक्यावर घेतलं होतं. माळा उपसला, कामवालीवर संशय घेतला, आणि तुम्ही जिन्यात उभ्या राहून म्हणाला होतात, नीट ठेवायला काय होतं? चोर ते चोर आणि वर शिरजोर. चार बांबू रोवून तुम्ही ती ताणून बांधली होती, खालची कड चारी बाजूंनी मातीत पुरली होती. मधमाशीच काय, मुंगी आत जाणार नाही अशी. आत डोंगळे उभे होते. फार नाहीत, एक छोटा वाफा.

मी कड उकरून आत गेले. एका डोंगळ्याच्या बुडाची माती बोटानं बाजूला केली. साल पांढरी होती. दुसऱ्याचीही. सगळ्यांची.

"ह्ये कधीपासून?" मी विचारलं. पुंजाबाशी बोलताना माझी भाषासुद्धा मळ्यातली झाली होती.

"लय वर्सं झाली की, बाई. तुमी ढीग टाकला व्हता नं, त्यातले पांढरे येचून घेतले ताईंनी. दर साली लावायच्या, गुलाबी निघाला की उपटून फेकायच्या, पांढरा त्येवढा ठेवायच्या. मच्छरदाणीत माशी येत नाय, मग बी धरंल कसं? म्हनून सकाळी सोता बसायच्या. या फुलावरून हात, त्या फुलावरून हात. मी म्हनायचो, ताई, माशीचं काम तुमी करता व्हय?"

"मला का नाही सांगितलं?"

"म्या म्हनलं व्हतं, देऊन टाका बाईला. तर म्हनल्या, अजून एखादा गुलाबी निघतोय. एकबी नाय निघाला की देईन, तवर मास्तरनीला बोलायला जागा नको."

पुंजाबाला वाटलं मी रडेन. तो तोंड फिरवून विहिरीकडे बघत राहिला. मला आला तो संताप. काय हा हट्ट, ताई! इतकी वर्षं पहाटे उठून, गुडघे दुखत असताना, मच्छरदाणीत उकिडवं बसून तुम्ही फुलांवर हात फिरवलात, आणि माझ्याशी एक वाक्य बोलवलं नाही तुमच्यानं? हजारो फुलांना हात लावलात. माझ्या खांद्याला लावला असतात तर मी तिथंच मोडले असते. मला कांदा नको होता, असं म्हणत नाही, हवाच होता. पण त्याहून ते वाक्य हवं होतं. तुम्हाला वाक्यापेक्षा कांदा सोपा वाटला. त्यातही तुम्हाला शंभर टक्के गुण पाहिजे होते. एक गुलाबी निघतोय म्हणून द्यायचं नाही, म्हणे. आणि मग एका संध्याकाळी चहाचा कप हातात असताना, काही न सांगता, काही न देता, निघून जायचं.

मी मच्छरदाणीची कड परत पुरली आणि फाटकाकडे चालायला लागले. ठरवलंच होतं. गळू दे बी मातीत. ज्यानं सुरू केलं त्यानं संपवावं. माझ्याकडून तुम्हाला हे पण फुकटात मिळणार नाही.

फाटकापर्यंत गेले. कडीला हात लावला. आणि माझ्या लक्षात आलं की हे बी मातीत गेलं तर कधीच कळणार नाही. तुमचा वाफा खरंच पांढरा झाला होता की अजून एखादा गुलाबी निघणार होता, ते कुणालाच कळणार नाही. तुम्ही हरलात की जिंकलात ते न ठरताच आपलं भांडण मिटून जाईल. आणि मी घरी जाऊन तुमच्या हार घातलेल्या फोटोखालून जिना चढेन, आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत मला कुणी मास्तरीण म्हणणार नाही. तिथं फाटकाशी मला पहिल्यांदा नीट रडू आलं. अंगणात आलं ते लोकांबरोबरचं होतं. हे माझं एकटीचं होतं, आणि ते थांबेना. पुंजाबानं तांब्याभर पाणी आणून दिलं.

मग मी परत आले. पुंजाबाकडून विळा घेतला आणि एकेक डोंगळा दांड्यासकट कापला. काही गेंद उकलले होते, हात लागला की काळे दाणे पदरात पडत होते. मातीत पडले तेही वेचले. संध्याकाळी ते गाठोडं घेऊन घरात शिरले, तर दादा दारातच होते. त्यांनी गाठोड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि ते माझ्या हातातून घेऊन गच्चीवर नेलं. तुमच्या गोधडीवर त्यांनी ते पसरलं, माझ्या नाही.

चार दिवस ऊन दिलं. हातांवर चोळलं, तुमच्याच सुपात पाखडलं. मला पाखडता येत नाही हे तुमचं जुनं म्हणणं होतं. येतं. मग पाण्यात टाकलं. पोकळ वर तरंगलं ते ओतून दिलं, भरलेलं तळाशी बसलं ते सावलीत वाळवलं. निघून निघून ओंजळभर निघालं. आईच्या फडक्यात होतं तेवढंच असेल. मी ते फडक्यात बांधलं नाही. तुमच्या मिसरीच्या रिकाम्या डबीत भरलं. धुतली तरी तिचा वास जात नाही, घालवत बसलेही नाही.

आश्विनात रोप टाकीन. मळा विकायचा नाही असा शब्द ह्यांनी तुम्हाला दिलाच आहे, आता मीही तो पाळायला लावीन. पौषात त्याच वाफ्यात, पायवाटेच्या अलीकडे, लावीन. आजूबाजूला दुसरा कुठला डोंगळा कुणी लावला तर त्याची खैर नाही. पुंजाबालाही तसं सांगून ठेवलं आहे. शाळा आहे, वह्या आहेत, माझेही गुडघे आता दुखतात. तरी निघालेले कांदे पुन्हा बियाण्यासाठी लावून त्यांना त्याच्या पुढच्या माघात फुलं आली की त्याच मच्छरदाणीत बसेन. ती आता परत घेणार नाही. वापरा.

घाटावर मी बोलले नाही ते एवढ्याचसाठी की मला खोटं बोलायचं नव्हतं. सगळे तुम्हाला सुटकेची वचनं देत होते. मला तुम्हाला सोडायचंच नव्हतं, अजूनही नाही.

पुढच्या चैत्रात पहिला कांदा मी उपटेन. सगळे पांढरे निघाले तर एक बुक्कीनं फोडून मीठ लावून खाईन, आईचा म्हणून, आणि एक विहिरीच्या कठड्यावर ठेवीन. कावळ्यानं नेला तर नेला. पण ताई, रोज सकाळी डबी हलवून बघते तेव्हा देवाकडे मागते ते दुसरंच. सगळा वाफा पांढरा निघू दे, आणि एक, एकच, गुलाबी निघू दे. म्हणजे तो हातात धरून मला तुमच्या नावानं मोठ्यानं ओरडता येईल.